नानामामांच्या भिंतीवरचा रोमन रस्ता

नानामामांच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर एक फोटो आहे. आमच्या घरातल्या बहुतेकांनी तो पाहिलाय, काहींना तर मामांनी तो दोन-दोनदा दाखवलाय. पाइनच्या झाडीतून वर चढत जाणारा दगडी रस्ता, दोन्ही कडांना मोठमोठे धोंडे, मधे ओबडधोबड फरसबंदी, आणि एका कोपऱ्यात लाल विंडचीटर घालून, गुडघा धरून बसलेली मी. चौकटीच्या खाली मामांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी: "रोमन रस्ता, सेर्सेदिया, स्पेन. इ. स. पहिले शतक."

या चिठ्ठीबद्दल लिहायचं बरीच वर्षं मनात होतं. मामा हे वाचतील (भाचा त्यांना मोठ्या अक्षरात काढून देतो), त्यामुळे जपून लिहितेय.

२००९ साली कामानिमित्त सहा महिने माद्रिदला होते. शनिवार-रविवार करायचं काय, हा प्रश्न ऑफिसातल्याच एका बाईंनी सोडवला. म्हणाल्या, लोकल पकड आणि डोंगरात जा. माद्रिदच्या वायव्येला ग्वादारामाची डोंगररांग आहे आणि तिच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून जवळजवळ १२०० मीटरवर, सेर्सेदिया नावाचं गाव आहे. (माद्रिदचे लोक 'थेरथेदिया' म्हणतात. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही.) मुंबईकरांना लोणावळा जसा, तसं माद्रिदकरांना हे गाव. फरक इतकाच की इथे चिक्की नाही आणि लोक खरोखर चालायला येतात. स्टेशनातून बाहेर पडलं की पाठीवर सॅक आणि हातात काठ्या घेतलेली आजोबा-आजी मंडळी आपल्याला मागे टाकून भराभरा पुढे जातात. सुरुवातीला लाज वाटते, मग सवय होते.

गावाच्या वर फुएन्फ्रियाचं खोरं आहे. फुएन्फ्रिया म्हणजे थंड झरा. खोऱ्याच्या टोकाला त्याच नावाची खिंड, उंची १७९६ मीटर, आणि पलीकडे उतरलं की सेगोविया. माद्रिदच्या बाजूने उत्तरेला जायचं तर ही रांग ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि ओलांडायच्या ज्या मोजक्या जागा आहेत त्यातली ही एक जुनी. खोऱ्यात पायवाटांचं जाळं आहे. झाडांच्या बुंध्यांवर आणि दगडांवर रंगीत ठिपके काढलेत. एक रंग धरायचा आणि तो सोडायचा नाही. नकाशा न कळणाऱ्या माझ्यासारखीला ही व्यवस्था फारच आवडली.

त्या सगळ्या वाटांत मानाची वाट म्हणजे 'काल्सादा रोमाना', रोमन रस्ता. पाट्यांवर तेच नाव, नकाशावर तेच नाव, वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी तेच नाव. ऑक्टोबरचा महिना होता, आदल्या रात्री पाऊस झाला होता, आणि त्या दोन हजार वर्षं जुन्या म्हणवणाऱ्या फरशीवर माझा पाय असा सटकला की गुडघा चांगलाच सोलवटला. बरोबरच्या बाईंनी त्याच अवस्थेत फोटो काढला. मी तो मामांना पाठवला आणि खाली लिहिलं, "रोमनांच्या पायी लोटांगण".

मामा साताऱ्याला शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्तीनंतर घरी शिकवणी. रोमन साम्राज्याचा धडा आला की ते मुलांना त्या फोटोपुढे उभं करायचे. 'आमची भाची या रस्त्यावर चालून आली आहे, आणि पडूनसुद्धा आली आहे.' मुलं हसायची आणि धडा लक्षात राहायचा. म्हणजे माझ्या गुडघ्याचा तेवढा तरी उपयोग झाला.

आता खरी गोष्ट. तो रस्ता रोमन नाही.

हे मला २०१६ मध्ये कळलं, तेही योगायोगाने. इसाक मोरेनो गायो नावाचे एक स्पॅनिश इंजिनियर आहेत. रोमन रस्ते कसे बांधले जायचे, यावर त्यांनी बरंच लिहिलंय. त्यांचं म्हणणं असं की इतिहासाच्या अभ्यासकांनी रस्त्यांकडे पाहिलं, पण रस्ते बांधणाऱ्याच्या नजरेने पाहिलं नाही. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात रोमन रस्ता म्हणजे रोमजवळच्या आप्पियन मार्गाचं चित्र असतं, मोठमोठ्या काळ्या फरशांचं. पण तशी फरसबंदी मुख्यतः शहरात आणि शहरालगत. मोकळ्या मुलखात रोमन लोक रस्ता करायचे तो खडीचा. खाली मोठे दगड, वर बारीक, त्यावर आणखी बारीक, सगळं चोपून घट्ट केलेलं, आणि सर्वात वर गुळगुळीत मुरमासारखा थर. लिव्ही या रोमन इतिहासकारानेच नोंदवलंय की इ. स. पूर्व १७४ मध्ये रोमच्या अधिकाऱ्यांनी रस्त्यांची कंत्राटं दिली ती अशीच: शहराच्या आत कठीण दगडाची फरसबंदी आणि शहराबाहेर खडी.

कारणही साधं आहे. ओबडधोबड फरशीवर बैलगाडीची चाकं आदळतात, जनावरांचे पाय घसरतात, आत बसलेल्याची हाडं खिळखिळी होतात. माणूस तर घसरतोच, हे मी स्वतः सिद्ध करून दाखवलं होतं! शिवाय चढ. लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीसाठी रस्ता आखणारा माणूस चढ सौम्य ठेवतो, त्यासाठी लांबचा वळसा पत्करतो. फुएन्फ्रियाचा फरसबंदी रस्ता मात्र काही ठिकाणी असा छातीवर येतो की रिकामी गाडी ओढतानाही बैलांनी शिव्या द्याव्यात.

मग तो कोणाचा? या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत तिथे पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी काम केलं आणि उत्तर मिळालं ते अठराव्या शतकाचं. फेलिपे पाचवा, स्पेनच्या गादीवर बसलेला पहिला बोर्बोन राजा. जन्म व्हर्सायचा, चौदाव्या लुईचा नातू. मनाने खचलेला, उदासीच्या झटक्यांनी ग्रासलेला माणूस. त्याला डोंगरापलीकडे, सेगोवियाजवळ ला ग्रान्हा इथे जागा आवडली. १७२१ मध्ये तिथे राजवाडा आणि बागांचं काम सुरू झालं. राज्य सोडून तिथे शांत बसायचं, हा त्याचा बेत. आणि जानेवारी १७२४ मध्ये त्याने खरोखरच गादी सोडली, मुलाला बसवलं आणि ला ग्रान्हाला गेला. सात महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, सतरा वर्षांचा तो मुलगा देवी येऊन वारला आणि बापाला परत मुकुट घालावा लागला. पुढे आणखी बावीस वर्षं.

फुएन्फ्रियाचा फरसबंदी रस्ता हा या माणसासाठी केलेला. माद्रिद ते ला ग्रान्हा, दरबाराची ये-जा, राजाच्या गाड्या, सामानाचे खटारे. वाटेतले पूलही त्याच कामातले. त्यातल्या एकाचं नाव 'अनवाणी माणसाचा पूल' असं आहे, आणि तोही रोमन म्हणूनच दाखवला जायचा. पण हा राजरस्ता राजरस्ता म्हणून टिकला किती? जेमतेम साठ-सत्तर वर्षं. अठराव्या शतकाच्या अखेरीला कार्लोस तिसऱ्याच्या राजवटीत शेजारच्या नावासेरादा खिंडीतून नवा रस्ता काढला गेला, दरबार तिकडून जाऊ लागला आणि फुएन्फ्रिया ओस पडली. ती ओस पडली म्हणूनच फरशी शिल्लक राहिली. वर डांबर घालायला कोणी आलंच नाही.

इथे कोणी म्हणेल, मग रोमन हे सगळं थोतांडच का? तर तसंही नाही, आणि म्हणूनच मला ही गोष्ट सांगावीशी वाटते. रोमन काळात रस्त्यांची आणि मुक्कामांची एक यादी तयार झाली होती, तिला अंतोनिनची यादी म्हणतात. तिच्यातल्या चोविसाव्या मार्गावर सेगोविया आहे, मग मियाकुम नावाचा मुक्काम आहे, मग माद्रिदच्या दक्षिणेचं तितुल्सिया. म्हणजे रस्त्याने ही रांग ओलांडलीच पाहिजे. रांगेच्या अलीकडे कोयादो मेदियानो या गावाजवळ रोमन काळातलं वाटसरूंच्या मुक्कामाचं ठिकाण उत्खननात सापडलंही आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आंतोनियो ब्लास्केस हे भूगोलाचे अभ्यासक हा रस्ता शोधत फुएन्फ्रियात आले, आणि तिथे त्यांना झाडीत हरवलेली दगडी वाट दिसली. त्यांनी काय समजायला हवं होतं? पुस्तकात रस्ता आहे, डोंगरात रस्ता आहे, दोन्ही एकच. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं. रोमन रस्ता इथून जात होता, हे त्यांचं बरोबर होतं. फक्त तो हा नव्हता. तो शेजारून, झाडीतून, लांबच्या पण सौम्य वळणांनी जात होता आणि पाइनच्या सुयांखाली गडप झाला होता.

आपल्याकडे नाही का, कातळात कोरलेलं काही दिसलं की ते पांडवांनी एका रात्रीत केलेलं असतं? आणि दगडी पायऱ्या दिसल्या की त्या शिवकालीन. मधे होऊन गेलेले शंभर राजे, सावकार, इनामदार, इंग्रजांचे ओव्हरसियर यांनी जणू एक दगडही हलवला नाही.

फुएन्फ्रियात नावांची अशी गंमत आणखी आहे. खिंडीच्या पलीकडे जरा उतरलं की एक पडका वाडा लागतो. त्याला 'कासारासचा मठ' म्हणतात आणि टेंपलर योद्ध्यांच्या, गाडलेल्या खजिन्याच्या गोष्टी सांगतात. तिथे मठ नव्हता आणि कुणी टेंपलरही नव्हता. ते होतं फ्रान्सिस्को दे एरासो या फेलिपे दुसऱ्याच्या सचिवाशी जोडलेलं सोळाव्या शतकातलं घर, राजाला वाटेत उतरायला सोयीचं. एरासोचं घर म्हणजे 'कासा एरासो'. बोलता बोलता त्याचं 'कासारास' झालं, आणि अर्थ हरवलेल्या नावाला कोणीतरी मठ चिकटवला. या खिंडीबाबत सर्वात प्रामाणिक मला वाटतो तो चौदाव्या शतकातला कवी हुआन रुइस, ईता गावचा धर्माधिकारी. आपल्या काव्यात तो सांगतो की सेगोवियाहून घरी परतताना फुएन्फ्रियाच्या खिंडीने यायचं ठरवलं आणि सगळी वाट चुकलो. बस्स. ना रोमन, ना टेंपलर!

पण मग प्रश्न उरतो, विसाव्या शतकातच हा रस्ता एवढा लाडका का झाला? इथून पुढचं माझं मत आहे, पटलं तर घ्या.

१८७५ मध्ये स्पेनच्या सरकारने विद्यापीठात शिकवण्यावर बंधनं घातली. ती न मानणाऱ्या प्राध्यापकांना काढून टाकलं. त्यांत फ्रान्सिस्को हिनेर दे लोस रिओस होते, त्यांना तर अटक करून दूर कादिसला पाठवलं. परत आल्यावर या लोकांनी १८७६ मध्ये स्वतःची संस्था काढली, मुक्त शिक्षणसंस्था म्हणा हवं तर. तिथे पुस्तकाइतकंच महत्त्व होतं चालण्याला. १८८३ च्या उन्हाळ्यात हिनेर मुलांना घेऊन ग्वादारामाच्या डोंगरात गेले आणि तिथून पुढेही कित्येक आठवडे फिरत राहिले. तोपर्यंत माद्रिदच्या सुशिक्षितांना हा डोंगर म्हणजे थंडी, लांडगे आणि दरोडेखोर. हौसेने डोंगर चढणारा माणूस लोकांना वेडाच वाटायचा. १८८८ मध्ये सेर्सेदियावरून सेगोवियाला रेल्वे गेली आणि वाट सोपी झाली. हिनेरांचे शिष्य कोन्स्तान्सिओ बेर्नाल्दो दे किरोस, व्यवसायाने गुन्हेगारीशास्त्राचे अभ्यासक, त्यांनी १९१३ मध्ये काही मित्रांबरोबर 'पेन्यालारा' ही गिर्यारोहकांची संस्था सुरू केली. १९२३ च्या जुलैमध्ये सेर्सेदियाहून नावासेरादा खिंडीपर्यंत विजेची छोटी आगगाडी सुरू झाली. (पुढच्याच महिन्यात, १० ऑगस्टला, उन्हाचा चित्रकार सोरोया याच गावात वारला.) आणि १९२६ मध्ये एदुआर्दो श्मिद या ऑस्ट्रियन सभासदाने 'सात शिखरां'च्या उत्तर उतारावरून, वाल्साइनच्या पाइन जंगलातून, नावासेरादा ते फुएन्फ्रिया अशी वाट स्वतः खुणा करून काढली. ती अजून श्मिदची वाट म्हणूनच ओळखली जाते. खोऱ्यातलं खरं बोलणारं नाव बहुधा हे एकच.

ही सगळी मंडळी डोंगराकडे शाळा म्हणून पाहत होती. अशा माणसांना पायाखाली दोन हजार वर्षं जुना दगड मिळाला तर ते तो सोडतील कसे? एका उदास राजाच्या गाड्यांसाठी केलेल्या फरशीवरून मुलांना काय शिकवणार? रोमनांवरून मात्र सगळा देश शिकवता येतो. मामांनी साताऱ्यात जे केलं तेच ते करत होते. म्हणून मला त्यांचा राग येत नाही.

त्यांचं पुढे जे झालं ते मात्र वाईट. १९३१ मध्ये प्रजासत्ताक आलं. सेर्सेदियाहून खिंडीतून वाल्साइनकडे मोटाररस्ता काढायला घेतला गेला. १९३६ च्या जुलैमध्ये यादवी युद्ध पेटलं. सेगोविया बंडखोर सैन्याकडे, माद्रिद प्रजासत्ताकाकडे आणि मधल्या डोंगरमाथ्यावर जवळजवळ तीन वर्षं आघाडी. खंदक आणि काँक्रीटचे मोर्चे अजून दिसतात. हेमिंग्वेची ती प्रसिद्ध कादंबरी याच पाइन जंगलात घडते. मोटाररस्ता पुरा झालाच नाही. आता त्यावरून सायकली आणि बाबागाड्या जातात, पण नाव तेच राहिलं, 'प्रजासत्ताकाचा रस्ता'. चाळीस वर्षं फ्रँकोची राजवट होती तरी लोकांच्या तोंडून ते गेलं नाही. किरोस देश सोडून आधी डोमिनिकन प्रजासत्ताकात आणि मग मेक्सिकोला गेले. १९५९ मध्ये तिथेच वारले. ज्या डोंगरावर त्यांनी आयुष्यभर लिहिलं तिथे परत येणं झालं नाही.

आणि ज्यांचं नाव कुठल्याच वाटेला नाही असे लोक म्हणजे 'गाबार्रेरो', वाळकं लाकूड गोळा करून घोड्यांवर लादून विकणारे. खोऱ्यातल्या कितीतरी आडवाटा त्यांच्या आणि त्यांच्या घोड्यांच्या पायांनी पडल्या असणार. २०१३ मध्ये ग्वादारामा राष्ट्रीय उद्यान झालं. नकाशे छापले, पाट्या लागल्या, पण 'अमक्या गाबार्रेरोची वाट' काही मला दिसली नाही.

हं, तर मामा.

२०१६ मध्ये हे वाचल्यावर मी दोन वर्षं गप्प बसले. भिंतीवरून फोटो उतरवायला लावायचा, तेही ऐंशीच्या घरातल्या माणसाला? आई म्हणाली, राहू दे, कोणाचं काय बिघडतंय. पण दर दिवाळीला साताऱ्याला गेलं की तो फोटो माझ्याकडे बघायचा. शेवटी २०१८ मध्ये माद्रिदला पुन्हा जाणं झालं. पहिल्याच रविवारी सेर्सेदिया गाठलं. या वेळी फरसबंदी सोडली आणि अभ्यासकांनी सांगितलेल्या बाजूला, झाडीत गेले. अर्धा तास काहीच दिसेना. मग एका ठिकाणी उतारावर एक लांब, सपाट पट्टा लक्षात आला. गाडीच्या रुंदीचा, खालच्या कडेला दगडांचा आधार, वर पाइनच्या सुया आणि नेचे. बुटाने सुया बाजूला केल्या तर खाली बारीक खडी. त्यावर चालून पाहिलं, चढ जाणवतच नव्हता. पाय घसरायचा प्रश्नच नाही.

तिथूनच मामांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं लाईन गेली.

मग मामा म्हणाले, "म्हणजे नऊ वर्षं मी पोरांना चुकीचं शिकवलं."

मी म्हटलं, "मामा, तिथल्या पाटीवरही तेच लिहिलेलं होतं."

"पाटीचं सोड गं. तू तिथे पडलीस तेव्हाच मला कळायला हवं होतं. ज्या रस्त्यावर धडधाकट पोरगी घसरते त्यावरून रोमन लोक लादलेल्या गाड्या कशाला नेतील?" आणि थोड्या वेळाने, "आता उभी आहेस तिथला फोटो काढ."

काढला. त्यात खरं सांगायचं तर काहीच दिसत नाही. झाडं, सुया, थोडासा सपाट भाग. मामांनी तो मोठा करून घेतला आणि पहिल्याच्या शेजारी लावला. पहिल्याखालची चिठ्ठी बदलली: "फेलिपे पाचवा याचा रस्ता, इ. स. अठरावे शतक." दुसऱ्याखाली: "रोमन रस्ता." पाहुणे अजूनही आधी पहिल्याच फोटोपाशी थांबतात, आणि दुसऱ्यात नक्की काय बघायचं ते कोणालाच कळत नाही. म्हणून मामांनी त्यावर लाल बॉलपेनने दोन बाण काढलेत.